कागदावरचे वडील

लोकांचे मेलेले आजे-पणजे शोधून देणं हे माझं काम आहे. असं सांगितलं की महाराष्ट्रातले नातेवाईक कौतुकानं विचारतात, "म्हणजे तू घराण्यांचे इतिहास लिहितेस?" नाही. मी रायपूरला तहसीलच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसते आणि लोकांचे अर्ज लिहून देते. पूर्वी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात गळतो. यापेक्षा जास्त इतिहास त्यात नाही.

नवं राज्य होण्याआधी माझ्याकडे भाडेकरार, नाव बदलल्याची शपथपत्रं असली कामं यायची. रायपूर राजधानी झालं आणि माणसं वेगळेच प्रश्न घेऊन यायला लागली. जातीचा दाखला काढायचा तर आपला पूर्वज एका ठरलेल्या तारखेच्या आधीपासून इथंच, म्हणजे आज छत्तीसगड झालेल्या मुलखात, राहत होता हे दाखवावं लागतं. ज्याच्या पणज्याकडे शेती होती त्याचं सोपं. मिसल म्हणजे जमिनीच्या जुन्या बंदोबस्ताचे कागद, त्यात पणज्याचं नाव निघतं आणि काम होतं. पण ज्याचा पणजा भंडारा-गोंदियाकडून राइस मिलमध्ये मजुरीला आला, मालकानं दिलेल्या खोलीत राहिला आणि तिथंच मेला, त्याच्या नावावर कुठं काय असणार? त्यानं या शहराला पन्नास वर्षं तांदूळ सडून दिला असेल, पण त्याची स्वतःची अशी वीतभर जागा नव्हती. त्यामुळे तो इथं होता हेच सिद्ध करावं लागतं.

अशी माणसं सगळ्यात जास्त मिलपाऱ्यातून येत; पारा म्हणजे इकडे वस्ती. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, पलीकडे राइस मिलींची एक लांब रांग होती आणि तिच्या पाठीला मजुरांच्या खोल्या. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा तर धान वाफवावं लागतं, त्यासाठी भट्टी, भट्टीत जाळायला धानाचा भुसा. साऱ्या पाऱ्यावर काळी राख पडायची. वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी पांढरं राहत नसे, म्हणून तिथल्या बाया पांढरं घेतच नसत. आता मिली शहराबाहेर गेल्या. खोल्या पाडून तिथं फ्लॅट झाले, एक मंगल कार्यालय झालं. छोटी लाइन उखडली, तिच्यावरून मोठा रस्ता गेला.

तर कागद नसलेला माणूस शोधायचा कसा? सुरुवातीला मी म्हाताऱ्यांना नावं विचारत असे. कोणाला काही आठवत नसे. मिलपाऱ्यात नावानं कोणी कोणाला हाक मारलीच नव्हती. भट्टीवाला, हमालीवाला, भंडाऱ्याची, लंगड्याची सून, असंच सगळं. मग मी पुरुषांना विचारणं सोडलं आणि बायांना एकच प्रश्न विचारायला लागले, "नळावर तुमच्या पुढे कोण उभी राहायची?"

हा प्रश्न कधी फुकट गेला नाही. नळ एक होता आणि पाणी थोडा वेळ यायचं, त्यामुळे रांगेतली जागा म्हणजे हक्क. ऐंशी वर्षांची बाई, सकाळी काय जेवली ते विसरलेली, डोळे मिटून सांगते, "माझ्या पुढं मुन्नी की अम्मा, तिच्या पुढं दुकलहीन, तिच्या पुढं सखू, तिच्या पुढं ती भांडकुदळ." एक बाई मिळाली की तिच्या पुढची आणि मागची मिळते. रांग जोडत गेलं की पारा उभा राहतो. बाई कळली की तिचा घरवाला कळतो, तो कुठल्या मिलमध्ये होता ते कळतं, त्याचं पोर कुठल्या शाळेत होतं ते कळतं. तिथून पुढं माझं नेहमीचं काम. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, आणि तिचा मला थोडा गर्व आहे.

सगळ्यांनाच आपला पूर्वज सापडायला हवा असतो असंही नाही. चौबे कॉलनीतले एक निवृत्त इंजिनिअर आले होते. त्यांना दाखला नको होता, त्यांना घराण्याचं मूळ हवं होतं. "आमचे पणजोबा भोसल्यांच्या फौजेबरोबर आले," ते म्हणाले. "हुद्दा तेवढा शोधा." मी शोधलं. पणजोबा फौजेबरोबर नव्हे, फौज संपल्यावर कितीतरी वर्षांनी आले होते आणि मिलपाऱ्यात भट्टीत भुसा टाकत होते. नळाच्या रांगेत त्यांची पणजी दुसऱ्या नंबरला होती, आणि सगळ्या पाऱ्यात तिच्या हाताला चव होती असं मला दोन बायांनी स्वतंत्रपणे सांगितलं. हे सारं मी व्यवस्थित लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ताई, तुमची काहीतरी गल्लत होते आहे." कागद टेबलावर ठेवून गेले. परत आले नाहीत. चव असलेली पणजी माझ्याकडेच राहिली.

मला मात्र ज्या कामाची रुखरुख आहे ते इंजिनिअरांचं नाही. ते पल्लवीचं आहे.

पल्लवी नर्सिंग झालेली मुलगी. सरकारी दवाखान्यात निवड झाली होती, आणि जातीचा दाखला मुदतीत दिला नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. तिचे वडील दिलीप पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात विक्रेते. दुकान सोडून येता येत नाही म्हणून ते कमीच यायचे. माझ्याकडे पल्लवी आणि तिचे आजोबा शंकरराव यायचे. शंकरराव मिलमध्ये मिस्त्री होते, धान सडायच्या यंत्राची, हलरची, दुरुस्ती करायचे. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, कानानं थोडे कमी. आजोबा मराठीत बोलायचे, नात हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे.

त्यांचं प्रकरण मला सोपं वाटलं. शंकररावांना लहानपणी मिलपाऱ्याजवळच्या शाळेत घातलं होतं. त्या शाळेचा दाखला मिळाला. ठरलेल्या तारखेच्या आधीचा होता. त्यात वडिलांचं नाव मारोती, राहणार मिलपारा. एवढं असलं की फक्त एक अडचण उरते. तहसीलच्या बाबूला एखाद्या जुन्या शेजाऱ्याचं बयान लागतं, की हो, हेच ते शंकर, हे इथलेच.

"वडील आठवतात का?" मी शंकररावांना विचारलं.

"नाही जी. मी पाळण्यातून उतरलोच होतो तेव्हा गेले. छातीत भुसा बसला म्हने."

"आई काय सांगायची त्यांच्याबद्दल?"

"काय सांगन? कधी बोललीच नाही. मले तर लय दिवस वाटे का मी मिलमधूनच निघालो."

पल्लवी हसली. "आजोबा, आप चावल हो क्या?"

आई म्हणजे सखूबाई. मी माझ्या नळाच्या रांगेत सखू शोधली. रांगेतली तिची जागा मला आधीच्या एका कामात कळली होती. तिच्या मागे उभी राहणारी दुकलहीन दाई, इकडे म्हातारीला दाई म्हणतात, अजून जिवंत होती. नव्वदीच्या पलीकडची, शहराबाहेर सरकारनं बांधलेल्या फ्लॅटमध्ये मुलीकडे राहत होती. शेजाऱ्यानं माणूस ओळखावा लागतो, म्हणून मी शंकररावांना आणि पल्लवीला घेऊन गेले.

दाई खाटेवर बसली होती. डोळे गेले होते, म्हणून तिनं शंकररावांचा चेहरा हातानं चाचपला. कानाची पाळी धरली.

"तैं सखू के टूरा हरस का रे? बड़े-बड़े कान वाला?"

"हव दाई, सखूचा पोरगा मीच," शंकरराव म्हणाले. त्यांनी आपला म्हातारा कान तिच्या हातातून सोडवला नाही.

मी कागद काढला. बयान वाचून दाखवायचं, तिनं हो म्हणायचं, अंगठा द्यायचा. मी वाचलं, "शंकर, वल्द मारोती, मिलपारा..."

"मारोती?" दाईनं मला थांबवलं. "मारोती तो मुकद्दम रिहिस."

"हो, मुकद्दम असतील. शंकररावांचे वडील."

"काबर एखर ददा रही! एखर ददा भट्ठी म भूसा झोंकत रिहिस. मारोती ला तो सखू हर राखी बांधय."

म्हणजे मारोती हा मजुरांवरचा मुकादम होता, आणि सखूबाई त्याला भाऊ मानून राखी बांधत होती. शंकररावांचे वडील दुसरेच कोणी होते आणि ते भट्टीवर होते.  पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं.

पुढं दाईनं सांगितलं ते असं. शंकर शाळेच्या वयाचा झाला तेव्हा बाप जाऊन वर्षं झाली होती. सखूबरोबर शाळेत मारोती मुकादम गेला, कारण हिंदी बोलणारा आणि डोक्याला फेटा असलेला तोच एक होता. दाईही तिच्या दिराला घालायला तिथंच होती. गुरुजींनी विचारलं, बाप का नाम? सखू पदर तोंडात धरून उभी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तो मेला तरी घ्यायचं नाही. गुरुजींनी दोनदा विचारलं. मग चिडून शेजारच्या माणसाला म्हणाले, तेरा नाम क्या है? त्यानं आपलं नाव सांगितलं. गुरुजींनी ते लिहिलं आणि म्हणाले, चलो, आगे बढ़ो.

"तुम्ही काही बोलला नाही?" मी विचारलं.

"मैं का कहितेंव? महूँ अपन गोसइया के नांव नइ लेवत रेहेंव." ती काय बोलणार, तीही नवऱ्याचं नाव घेत नव्हती. तिला त्यात काही चुकलं असं वाटलंच नव्हतं. पाऱ्यातल्या बाया घरी येऊन हसल्या होत्या, एवढंच. आणि मुकादमाला वाटलं, आपण कोण हे विचारलं म्हणून सांगितलं.

शंकररावांनी विचारलं, "मंग माह्या बापाचं नाव काय, दाई?"

 मला वाटलं, नाही आठवणार. तिला आठवायचं कारणही नव्हतं, सखूनं ते कधी उच्चारलंच नव्हतं. पण मराठी बायका नवऱ्याचं नाव एकाच वेळी घेतात, उखाण्यात. सखूचा नवरा होता तोवर, पाऱ्यात कोणाकडे छट्ठी, म्हणजे बाळाची सहावी असो, लग्न असो, या छत्तीसगढ़ी बाया सखूला मधे बसवायच्या आणि म्हणायच्या, तुमन कइसे गाथव, सुना, म्हणजे तुम्ही कसं गाता ते ऐकव. तिला यायचा तो एकच उखाणा. ऐकून ऐकून साऱ्या रांगेला पाठ झाला होता. दाईला मराठी येत नव्हती, तरी तिनं तो एका दमात म्हटला, सखूबाईच्या चालीत, मान थोडी वाकडी करून:

"भट्टीत भुसा, चिमणीले धूर,
गोविंदरावासाठी माहेर केलं दूर."

"आणखी म्हन," शंकरराव म्हणाले.

तिनं म्हटला.

"आणखी."

तिसऱ्यांदा म्हणताना ती मधेच हसायला लागली, कारण नाव घेताना सखू कशी लाजायची ते तिला आठवलं. शंकरराव हसले नाहीत. त्यांनी कानामागे हात धरला होता.

मी व्यवहारी बाई आहे, तेव्हा माझ्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते सांगते. मुदत जवळ आली होती. आपल्याकडे तारखेआधीचा कागद एकच, आणि त्यात मारोती. दाईचं खरं बयान जोडलं तर तो कागद खोटा ठरतो. कागद खोटा ठरला तर शंकररावांचे वडील इथं होते याला पुरावा उरतो एक उखाणा. उखाण्यावर कोणता अधिकारी सही करील? शाळेची नोंद दुरुस्त करून घ्यायची वाट होती, पण तिला किती वेळ लागेल ते कोणी सांगू शकत नव्हतं, आणि पल्लवीची जागा तोवर थांबणार नव्हती.

हे सारं मी परतताना ऑटोत दोघांना सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"मामाले बाप लिहू?" शंकरराव म्हणाले. "माह्या मायनं ज्याले राखी बांधली, त्याले तिचा नवरा लिहू?"

"लिखा हुआ ही है, आजोबा," पल्लवी म्हणाली. "आपको नया कुछ नहीं लिखना. जो है वही चलने दो."

"आजपर्यंत माहीत नव्हतं म्हनून चाललं."

"तो अब किसको पता है? हम तीन को, और दाई को."

"मले माहीत हाय ना, पोट्टे!"

पल्लवी चिडली. ती वाईट मुलगी नव्हती. तिनं वडिलांच्या पगारात शिक्षण काढलं होतं, रात्रपाळ्या केल्या होत्या. ती म्हणाली, "मरे हुए को नाम चाहिए, मुझे नौकरी चाहिए. बताओ, किसको पहले मिलना चाहिए?"

 शंकरराव ऑटोबाहेर बघत राहिले.

मी माझा नियम सांगितला. मी खोटं लिहून देत नाही. सचोटी वगैरे राहू द्या, मला रोज त्याच बाबूंसमोर उभं राहायचं असतं. पण "शाळेच्या नोंदीप्रमाणे वडिलांचं नाव मारोती" हे वाक्य खोटं नाही. नोंद तशीच आहे. दाईच्या बयानातही मी एवढंच घेऊ शकत होते, की हा शंकर, सखूबाईचा मुलगा, मिलपाऱ्यातच वाढला. तेही खरं. अडत होतं फक्त वंशावळीच्या कागदावर. तिथं "नोंदीप्रमाणे" असं लिहायला जागा नसते. तिथं चौकट असते, तिच्यात एक नाव लिहायचं आणि खाली घरातल्या सगळ्यात वडील माणसानं सही करायची. ते शंकररावांनाच करावं लागणार होतं.

काही दिवस कोणी आलं नाही. मग एका सकाळी शंकरराव एकटेच शेडमध्ये आले. आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून.

"ताई, लिहा मारोती."

"घरी सगळ्यांशी बोललात?"

"बोलाचं काय त्याच्यात? पोरीनं तर नोकरीचं सोडलंच होतं. म्हने, जाऊ द्या आजोबा, प्रायव्हेटमदी लागतो. असं म्हनली अन् मंग जेवलीच नाही." त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. "गोविंदराव भला मानूस असन. नातवाच्या पोरीसाठी एवढं तर सोडन."

नाव त्यांनी असं घेतलं, जसं नव्यानं सोयरीक झालेल्या पाहुण्याचं घ्यावं. थोडं जपून. मी चौकट दाखवली. त्यांनी आपल्या हातानं मारोती लिहिलं, सुरेख अक्षरात, आणि खाली सही केली.

दाखला झाला. मुदतीत झाला. प्रकरण साफ होतं, कोणी एकही शंका काढली नाही. अशा वेळी मला बरं वाटतं, त्या दिवशी वाटलं नाही. तोवर दाई वारल्याची बातमीही आली होती. मिलपाऱ्याची नळाची रांग मी इतक्या वर्षांत बरीच जोडली होती, पण ती सगळी बायांच्या डोक्यात होती, आणि एकेक बाई गेली की माझ्याकडे उरायचं ते फक्त कोणाच्या तरी कामापुरतं काढून घेतलेलं एखादं वाक्य. दाईच्या बयानातलं मी कामापुरतंच घेतलं होतं.

दाखला घ्यायला तिघंही आले. दिलीप दुकानातून सुट्टी काढून आले होते, पेढे आणले होते. पल्लवीनं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी पडू दिलं नाही. शंकररावांनी दाखला मागून घेतला. चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. पल्लवीचं नाव. पिता दिलीप. पत्ता, जात, शिक्का, सही. मग कागद उलटा केला. मागं कोरं होतं.

"याच्यात मारोती कुठी हाय?"

"नसतो," मी म्हटलं. "दाखल्यावर फक्त मुलीच्या वडिलांचं नाव येतं."

"आजाचं नाही?"

"नाही."

"पनज्याचं?"

"त्याचंही नाही."

त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला. "म्हंजे माह्या बापाचं खरं लिहिलं असतं, तरी याच्यावर आलं नसतं."

"आलं नसतं."

"मंग माह्याकडून ते लिहून कोनासाठी घेतलं?"

"फाइलसाठी," मी म्हणाले. हेच खरं उत्तर होतं. त्यानंतर पुष्कळदा विचार केला, दुसरं सापडलं नाही.

दिलीपनी पेढ्याचा पुडा पुढं केला, कोणी काहीतरी करायला हवं म्हणून. शंकररावांनी पेढा घेतला नाही. दाखला घडी न करता पल्लवीच्या हातात दिला.

"लॅमिनेशन करून घे, पोट्टे," ते म्हणाले. "घामानं खराब होते."

आणि समोरच्या लॅमिनेशनच्या दुकानाकडे ते स्वतःच तिच्यापुढं चालू लागले.